सात एकरांची ओळ

१७ मार्च १९७६, बुधवार

आज परत एक पत्र! कारंजाकडचा कुणी तलाठी. सही वाचता येत नाही, हुकूम मात्र ठळक अक्षरात — "आपल्या कोष्टकात शेतसाऱ्याची आकारणी दिलेली नाही. ती सत्वर तयार करून आठ दिवसांत पाठवावी. काम अडले आहे."

सत्वर! मी काय याचा सालदार आहे?

कोष्टक माझं. दोन पानं. डावीकडे एकर आणि गुंठे, उजवीकडे हेक्टर आणि आर. सरकारने सगळे सातबारे नव्या मापात लिहायला सांगितले, पण तलाठ्याने तो गुणाकार कसा करायचा हे सांगायचं राहून गेलं. एका गावात चारशे शेतं, दर शेताला दशांशाचा गुणाकार. माणसं रडकुंडीला आली होती. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी बसून एकेक ओळ काढली, स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने कोरली, हेडमास्तरांच्या हातापाया पडून शाळेच्या सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या आणि ज्याने मागितली त्याला दिली. त्रेचाळीस तलाठ्यांना. फुकट. वर चहाही मीच पाजला.

खाली एकच विनंती केली होती — "चूक दिसल्यास पोस्टकार्ड टाकावे, सर्वांना कळवीन." आणि माझा अनसिंगचा पत्ता. चौदा महिन्यांत चुकीचं एक कार्ड नाही. फर्माइशी मात्र ढीगभर. एकाला बागायत वेगळं पाहिजे. एकाला अक्षर मोठं पाहिजे. एकाने तर लिहिलं, कागद हलका वापरलात, घामाने विरतो. अरे, मग पुठ्ठ्यावर चिकटव ना लेका!

बायको म्हणाली, "मंग कायले करता? बंद करा." चंपाचं म्हणणं नेहमी एवढंच असतं, आणि उत्तर द्यायला मला दोन दिवस लागतात.

२१ मार्च, रविवार

कायले करतो? त्याचं कारण आहे.

अडुसष्ट साली मी इथे रुजू झालो तेव्हा चार्ज एका जुन्या पटवाऱ्याकडून घेतला. त्याने दप्तर मोजून दिलं. नकाशे दिले. मोजणीची मोडकी साखळीसुद्धा दिली. पण लाल बासनात बांधलेली एक वही होती, तिच्यात सगळे आडाखे — ती काखेत मारली. मी म्हटलं, निदान उतरवून घेऊ द्या. म्हणाला, "ते आमचं घरचं आहे." आणि दारातून बाहेर पडता पडता, मला ऐकू जाईल असं, कोतवालाला म्हणाला, "शिकले म्हणजे काय पटवारकी येते?"

सहा महिने मी चुका केल्या. लोक चावडीत बसून गंमत पाहायचे. आमच्या वस्तीतला पहिला तलाठी, आणि त्याला शेताची आकारणी काढता येत नाही! तेव्हाच ठरवलं, आपल्याला जे येईल ते बासनात बांधायचं नाही. ज्याला पाहिजे त्याने न्यावं. जात विचारायची नाही, उपकार सांगायचे नाहीत.

उपकार सांगायचे नाहीत म्हटलं, आणि परवा चहाचं लिहून बसलो! असो.

३० मार्च, मंगळवार

मंडळाच्या आर.आय. साहेबांनी, म्हणजे महसूल निरीक्षकांनी, सगळ्या तलाठ्यांना बोलावलं. एकतीस मेच्या आत सगळे सातबारे नव्या मापात पाहिजेत. आणि नसबंदीच्या केसेसही पाहिजेत. माणसं धरून आणायची का जमिनी लिहायच्या, ते एकदा ठरवा म्हणावं! बोललो नाही. सध्या कुणीच बोलत नाही.

मग साहेबांना एकाच्या हातात माझं कोष्टक दिसलं. "हे काय? याला शासनाची मान्यता आहे का? असलं खासगी काही वापराल तर याद राखा." सगळ्यांसमोर. मी मान खाली घालून उभा. साहेब चहाला गेले आणि नऊच्या नऊ जणांनी खिशातून कोष्टक काढून कामाला सुरुवात केली. त्यातला एकही जण माझ्या बाजूने बोलला नव्हता.

८ एप्रिल, गुरुवार

दुपारच्या एसटीने एक म्हातारी आली. किन्हीराजाची सोजरबाई. दारातूनच — "जयभीम. कोष्टकवाला तलाठी तूच का रे बाबू?"

तिचा नवरा कारंजाच्या एका जिनिंगमध्ये पंचवीस वर्षं राबला. छातीत रुई बसून मेला, पण मरायच्या आधी गावात सात एकर बारा गुंठे जमीन केली. खरेदीखत तिने पदरात बांधून आणलं होतं. शेजारचं शेत माणिकरावचं, साठ एकरांचा धनी. मागच्या आठवड्यात त्याने दोन्ही शेतांमधला धुऱ्याचा बांध मोडला आणि तिच्या हद्दीत नांगर घातला. ही भांडायला गेली, तर त्याने तिच्याच सातबाऱ्याची नवी नक्कल पुढे केली.

"म्हणते, पाह्य, सरकारनंच लिवलं. तुह्या नावानं अडीच हेक्टर. बाकीचं माहं होतं, तू दाबून बसली होती. बाबू, हेक्टर मले समजत नाई. पन माह्या धुऱ्यावरचं बोरीचं झाड आता त्याच्या वावरात गेलं, हे समजते!"

नक्कल पाहिली. २.५०. तिथल्या तिथे हिशोब केला. सात एकरांचे २.८३, बारा गुंठ्यांचे ०.१२. झाले २.९५. पंचेचाळीस आर गायब! एकराहून जास्त!

"तुमचा तलाठी रामराव काय म्हणते, मावशी?"

"म्हणते, मले नोको इच्चारू. मी अनसिंगवाल्याच्या कागदावर पाहून लिवलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रामरावला दोन आकडे पाहून उतरवता येत नाहीत, आणि खापर माझ्या माथी! म्हातारीला सांगितलं, चूक त्याची आहे, शनिवारी येतो, त्याच्याच हाताने नीट करून घेतो.

"पेरनीच्या आत कर बाबू. एकदा का त्यानं पेरलं, मंग तो जल्मात निघत नाई."

चंपाने तिला जेवायला बसवलं. भाकर अर्धी खाल्ली, अर्धी बांधून घेतली.

१० एप्रिल, शनिवार

किन्हीराजाला गेलो. चावडीत शिरलो तोच रामरावच्या अंगावर. डोळे गहाण ठेवलेत का, लाज नाही का वाटत, विधवा बाईची जमीन — तोंडाला येईल ते बोललो. तो म्हणाला, "बसा जगदेवभाऊ. पानी घ्या आधी." मग दप्तरातून माझं कोष्टक काढलं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

सहा एकर — २.४३.
सात एकर — २.३८.
आठ एकर — ३.२४.

८३ चे ३८. कोरताना आकडे उलटे पडले. वर बाक काढलेला तीन, खाली शेपूट काढलेला आठ. असे मीच काढतो.

सात एकर सहा एकरांपेक्षा लहान!

"मले वाटलं, तुमचं हाय म्हंजे बरोबरच असंन," रामराव म्हणाला.

बाहेर पायरीवर सोजरबाई बसली होती. "झालं का रे बाबू?" मी म्हटलं, पाहतो. आणि पहिल्या एसटीत चढलो. भ्याड!

११ एप्रिल

चौदा महिने. त्रेचाळीस तलाठ्यांचे साझे. माझं अक्षर.

१२ एप्रिल, सोमवार

काल दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. आज बाकीच्यांची पाळी.

प्रत्येक गावाचा गोषवारा असतो. गावची जुन्या मापातली बेरीज आणि नव्या मापातली बेरीज जुळली पाहिजे. सातची ओळ चुकीची असेल तर ती जन्मात जुळणार नाही. रामरावला परवा विचारलं होतं, तुझा जुळला कसा? म्हणाला, "चार हेक्टर कमी भरत होते. टाकले पोटखराब्यात."

पोटखराबा म्हणजे नाले, खडक, पायवाटा — जिथे नांगर लागत नाही ती जमीन. ती कधी कुणी मोजत नाही. म्हणून आमच्या खात्यात जे जुळत नाही ते तिथे जातं. गावात खडक वाढतात, नाले रुंद होतात आणि साहेबांची सही होते! आज तहसिलीत आणखी तिघांना गाठलं. तिघांनीही तेच केलेलं. एकजण तर हसला. "त्यात काय? नेहमीचंच."

म्हणजे दिसलं होतं! सगळ्यांना दिसलं होतं की काहीतरी फसतंय. सहाच्या खाली सात आणि सातचा आकडा लहान, हे शेंबड्या पोराला कळेल. आणि एकालाही वाटलं नाही की कार्ड टाकावं? आकारणी पाहिजे तेव्हा बरी कार्डं सापडतात! फुकटच्या वस्तूला डोळे लावायचे नाहीत, फक्त हात लावायचा!

एवढं लिहिलं आणि उठून माझंच दप्तर काढलं. अनसिंगचा गोषवारा. मागच्या जूनमध्ये दोन हेक्टर पंचवीस आर पोटखराब्यात टाकलेत. मीच. विसरूनही गेलो होतो.

१३ एप्रिल, मंगळवार

त्रेचाळीस कार्डं लिहिली. "सात एकर = २.८३ वाचावे. झालेल्या नोंदी तपासाव्या. चूक माझी आहे. — जगदेव." हात दुखून आला. दुखू दे.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. दर वर्षी अनसिंगच्या मिरवणुकीत पुढे असतो. आज सकाळीच किन्हीराजाला गेलो. सोजरबाई पांढरं लुगडं नेसून निळ्या झेंड्याखाली बसली होती. चारचौघांत सांगितलं — मावशी, चूक रामरावची नाही, माझी आहे.

वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू तलाठी झाला तवा आमी या गावात पेढे वाटले होते. तुले ओळखत बी नव्हतो, तरी." मग म्हणाली, "तू चुकला हे तूच येऊन सांगतलं, बरं केलं. पन सांगून माहं वावर येते का रे?"

२४ एप्रिल, शनिवार

त्रेचाळीस कार्डांना पाच उत्तरं. एक — "सह्या झाल्या आहेत, आता खोडणे शक्य नाही." दुसरं — "आपण हा विषय वाढवू नये." तिसरं — "तुमच्यामुळे आम्ही गोत्यात येऊ." चौथ्याने माझंच कार्ड उलटं परत पाठवलं, काही न लिहिता!

पाचवं सेवादासचं. तांड्याकडचा साझा त्याच्याकडे आहे. त्याने सगळी गावं परत काढली. एकसष्ट नोंदी चुकलेल्या. सगळ्यांची यादी केली आहे, पुढे काय करायचं ते विचारतो. कार्ड वाचून डोळ्यात पाणी आलं. रागाने आलं का कशाने, माहीत नाही.

आर.आय. साहेबांनी वाटेत अडवलं. "कार्डं कशाला वाटतो रे? एकतीस मे जवळ आली. सगळे सातबारे परत लिहायचे का आता? गप बस."

३० एप्रिल, शुक्रवार

सोजरबाईचा दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः लिहून तहसीलदारांपुढे ठेवला. सोबत खरेदीखत. तहसीलदार म्हणाले, कोणता आकडा खरा, हे आम्ही कसं ठरवायचं? मी म्हटलं, गुणाकार करा साहेब! आत्ता, या टेबलावर करा! ते म्हणाले, "गुणाकार करणं माझं काम नाही. चूक कुणाच्या हातून झाली, त्याचं लेखी पाहिजे."

लेखी म्हणजे माझं. मान्यता नसलेलं कोष्टक केलं, वाटलं, आणि त्यात चूक केली — हे सगळं माझ्या सहीने. कारकून बाहेर आल्यावर कुजबुजला, "दिवस कोनते हायेत ते पाहा भाऊ. नोकरी गेली तर कोनी इच्चारनार नाई."

चंपाला सांगितलं. तिने हातातलं धान्य पाखडून खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईनं अर्धी भाकर बांधून नेली होती. घरी कोनी नाई तिच्या, तरी बांधून नेली. म्हंजे सकाळसाठी." बस, एवढंच. द्या म्हणाली नाही, नका देऊ म्हणाली नाही.

३ मे, सोमवार

लिहून दिलं.

१८ मे, मंगळवार

कारणे दाखवा नोटीस आली. सेवेतून कमी का करू नये? सात दिवसांत खुलासा. आठ वर्षांची नोकरी, आणि सात दिवस! उत्तरात तेच लिहिलं जे आधी लिहिलं होतं. दुसरं काय लिहिणार?

दुपारी माणिकराव आला. पांढरं धोतर, तोंडात पान. खुर्ची मी दिली नाही, त्यानेच ओढून घेतली.

"जगदेवभाऊ, कायले सोताच्या पायावर धोंडा पाडून घेता? तुमच्या नोटिशीचं मी पाहून घेतो. वर आपली बसउठ हाय. तुमी फक्त म्हना का लिवलेलं परत घेतो."

"आधी धुरा जागेवर घाला."

"कोनता धुरा? कागदावर दाखवा."

कागदावर! माझाच कागद माझ्याच तोंडावर मारून गेला. त्याला दोन ठेवून द्यायला पाहिजे होत्या.

रामराव सांगत होता, सोजरबाई रोज सकाळी विळा घेऊन त्या बोरीखाली जाऊन बसते. माणिकरावचे गडी आले की उठून नांगरापुढे उभी राहते. ते बैल सोडून परत जातात. गेले वीस दिवस असं चालू आहे, या उन्हात.

४ जून, शुक्रवार

सुनावणी झाली. सोजरबाई, मी, रामराव, माणिकराव आणि त्याचा वकील.

मी उभा राहून सांगितलं — आकडा मी चुकवला, साहेब, रामरावने फक्त उतरवला. वकील म्हणाला, हा माणूस स्वतःच्या जातीच्या बाईसाठी नोकरीवर पाणी सोडतोय, त्याचं ऐकू नका. मी म्हटलं, माझ्या चुकीने सेवादासच्या साझ्यात एकसष्ट माणसांची जमीन कमी झाली आहे. त्यांत कुणबी आहेत, बंजारा आहेत, दोन ब्राह्मणसुद्धा आहेत. हवी तर यादी वाचतो! माझा आवाज चढला होता. शिपाई आत डोकावला.

तहसीलदारांनी शेवटी कागद घेतला आणि — स्वतः गुणाकार केला! दोनदा केला. पेन ठेवून म्हणाले, "२.९५ बरोबर आहे. सोमवारी दुरुस्तीचा आदेश काढतो."

माणिकराव उठून गेला. सोजरबाईला काही कळलं नव्हतं. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे सोमवारी धुरा घालू?" सोमवारीच मृग लागतो. घाल म्हटलं. एसटीत तिला खिडकीशी जागा करून दिली. सगळ्या वाटेत ती एकच सांगत होती — सात एकरांत दोन एकर ज्वारी, बाकी कपाशी.

माझं काय व्हायचं ते होवो. बऱ्याच दिवसांनी आज कुणाचा राग आला नाही. वकिलाचा सोडून.

९ जून, बुधवार

सोमवारी आदेश निघाला नाही. आज टपालात तीन कागद आले.

एक — वरून आलेलं छापील कोष्टक, सर्व तलाठ्यांना सक्तीचं. रेघा माझ्या. मांडणी माझी. कुणी उचललं, कुठून उचललं, लिहिलेलं नाही. सात एकर — २.३८. खाली गोल शिक्का.

दोन — सोजरबाईचा अर्ज नामंजूर. नोंद शासनमान्य कोष्टकाप्रमाणे बरोबर आहे. रामरावचा निरोपही आला — माणिकरावने आज सकाळी पोलीस उभे करून त्या एकरात धूळपेरणी केली.

तीन — माझ्यावरची नोटीस रद्द. माझ्या कोष्टकात कोणताही दोष आढळत नाही.